चावीवाल्याचा कान

“थांब. डावा पाय खोटं बोलतोय.”

मुलाणी चाचा हे म्हणाले तेव्हा त्यांची माझ्याकडे पाठ होती. कुर्डुवाडी स्टेशनच्या जुन्या मालधक्क्याच्या आवारात ते नेहमीसारखे रुळाखालच्या एका लाकडी स्लीपरवर बसले होते. तोंड गोदामाच्या भिंतीकडे, हात गुडघ्यांवर. त्यांच्या मागं फक्कीची एक लांब रेघ मारलेली होती आणि त्या रेघेवरून मी पळत होते. सहावी फेरी चालू होती. ऊन नुकतंच वर आलं होतं, दम छान टिकला होता आणि मला कुठंही दुखत नव्हतं.

“काय झालं, चाचा?” मी मागूनच विचारलं.

उत्तर आलं नाही. मागून विचारलेल्या प्रश्नाला चाचा कधीच उत्तर द्यायचे नाहीत. हा त्यांच्या शिस्तीचा भाग असणार, असं मी धरून चालले होते. मी वळसा घालून समोर गेले आणि पुन्हा विचारलं.

“ग्राउंडला किती दिवस राहिले?” त्यांनी उलट मलाच विचारलं.

“बावीस.”

“बारा दिवस पळायचं न्हाई. चालायचं, गोळा टाकायचा. पळायचं न्हाई.”

“अहो, पण दुखत कुठं काय आहे?”

“म्हणून तर आत्ता सांगतोय,” ते म्हणाले आणि उठून पायजम्याची धूळ झटकायला लागले.

ग्राउंड म्हणजे पोलीस भरतीची मैदानी परीक्षा. आठशे मीटर पळणं, शंभर मीटर पळणं आणि गोळाफेक. आठशे मीटर तीन मिनिटांच्या आत मारले तर यादीत नाव लागतं, असा आम्हा भरतीवाल्यांचा हिशोब. मी जयमाला वाघमोडे, वय सत्तावीस पूर्ण. वयाच्या अटीत बसणारी माझी ही शेवटची भरती होती. आदल्या वर्षी मी जन्मात पहिल्यांदा पळायला लागले आणि पहिल्याच आठवड्यापासून जीव खाऊन पळाले. सहाव्या आठवड्यात डावी नडगी सुजली. तशीच लंगडत ग्राउंडला गेले आणि अर्ध्या वाटेत खाली बसले. या वेळी आईनं स्वच्छ सांगून टाकलं होतं, “ग्राउंड निघालं तर तुझं तू बघ. न्हाई निघालं तर बार्शीच्या पाहुण्यांना होकार कळवणार.” बार्शीच्या पाहुण्यांचं सिमेंटचं दुकान होतं आणि मुलगा वाईट नव्हता. पण त्यानं बघायच्या कार्यक्रमात मला एकच प्रश्न विचारला होता, “स्वयंपाक येतो ना?” मी त्याला विचारलं होतं, “सिमेंट घट्ट कशामुळं होतं?” त्याला सांगता आलं नाही. असल्या माणसाबरोबर आयुष्य कसं काढणार?

मला लहानपणापासून ‘का’ विचारायची खोड. त्या खोडीमुळंच मी चाचांपर्यंत पोचले. ते रेल्वेत चावीवाले होते. रूळ स्लीपरला धरून ठेवणाऱ्या ज्या लोखंडी चाव्या असतात, त्या रोज मैलोन्‌मैल चालत तपासायच्या, ढिली असेल ती हातोड्यानं ठोकून बसवायची, हे त्यांचं काम. मी आठ-नऊ वर्षांची असताना एकदा त्यांच्या मागं लागून फाटकापर्यंत गेले होते.

“चाचा, सारखं ठोकता का?”

“ठोकत न्हाई. विचारतोय त्याला, कसा हाईस.”

“मग तो काय म्हणतो?”

“बरा असला तर खणखणीत म्हणतो. बरा नसला तर बद्द.”

गावात त्यांच्या कानाच्या गोष्टी होत्या. एकदा म्हणे त्यांनी नुसत्या आवाजावरून केसाएवढी चीर पकडली होती आणि लाल झेंडी दाखवून गाडी थांबवली होती. म्हणून दुसऱ्या खेपेला पळायला सुरुवात करायच्या आधी मी त्यांच्या घरी गेले. ते निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. अंगणात खाटेवर बसले होते.

“चाचा, रुळाचा आवाज ऐकून रूळ कळतो, तर पायाचा आवाज ऐकून पाय कळेल का? दुखायच्या आधी?”

ते बराच वेळ माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हाकलणार.

“परवा ये,” ते म्हणाले. “मालधक्क्यावर. उजाडल्यावर.”

परवा गेले तर जागा झाडलेली, फक्कीची रेघ मारलेली. गोदामाच्या काळ्या पडलेल्या भिंतीला कुणीतरी ताजा चुना लावला होता. बंद पडलेल्या गोदामाला रेल्वेनं आत्ता का रंगवावं, असं माझ्या मनात आलं होतं. पण तो प्रश्न मी विचारला नाही. एवढे प्रश्न विचारते आणि नेमका कामाचा राहून जातो, ही माझी दुसरी खोड.

गावातली भरतीची सगळी पोरं-पोरी पहाटे पाचला अंधारात बार्शी रस्त्याला पळायची. माझी मैत्रीण दीपाली त्यांच्यात होती, सगळ्यांच्या पुढं. चाचांचं तंत्र वेगळंच. उजाडल्याशिवाय पाय टाकायचा नाही. रेघ सोडायची नाही. पहिले दोन आठवडे तर पळणं कमी आणि चालणंच जास्त. दोन मिनिटं पळ, तीन मिनिटं चाल. मी चिडून म्हटलं, “चाचा, याला पळणं म्हणतात?” तर म्हणाले, “नव्या रुळावरनं पहिल्या दिशी मेल गाडी सोडत न्हाईत. आधी हळू गाड्या जाऊ देतात, खडी बसू देतात.”

“आणि तुम्ही माझ्याकडं बघत का नाही?”

“डोळा फसवतो. पोरगी दमली की तोंड बघून कीव येती. कान कीव करत न्हाई.”

हे मला फार पटलं होतं. वहीत लिहूनसुद्धा ठेवलं होतं.

त्या थंडीत दोन-तीनदा आभाळ आलं. त्या दिवशी चाचांनी मला रेघेवर पायसुद्धा टाकू दिला नाही. “हवा जड हाय. आवाज फुटत न्हाई. जा घरी.” मी निमूट घरी जायचे. इतर दिवशी पळताना सोबतीला कुणी नसायचं. पांढऱ्या भिंतीवर माझी लांबलचक सावली तेवढी माझ्या बरोबरीनं पळायची आणि मी तिच्याशी मनातल्या मनात शर्यत लावायचे. सात आठवडे असे गेले. दम वाढला, पाय हलके पडायला लागले. चाचा फेरीनंतर फार तर “हं” म्हणायचे. खणखणीत हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकायची मला इतकी हाव सुटली होती की त्यासाठी मी तीन मिनिटांचं घड्याळसुद्धा विसरायचे.

आणि मग त्या सकाळी हे. डावा पाय खोटं बोलतोय, बारा दिवस बंद.

दोन दिवस मी कळ काढली. चालले, गोळा टाकला. तिसऱ्या दिवशी दीपाली आली आणि म्हणाली, “अगं, पाय दुखत नाही, काही नाही, आणि म्हाताऱ्याला आवाज आला म्हणून तू घरी बसलीस? तू काय रेल्वेचा रूळ आहेस?”

माझ्या मनातलंच बोलली ती. दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला मी तिच्याबरोबर बार्शी रस्त्याला गेले. अंधारात पाच किलोमीटर पळाले. कसली मजा आली! शेवटी नडगीच्या आतल्या बाजूला, घोट्याच्या वर चार बोटं, जराशी चुरचुर झाली. पाणी ओतलं, ती गेली. चाचांना कळायचं काही कारण नव्हतं. बार्शी रस्ता त्यांच्या घरापासून कोसभर लांब.

दुसऱ्या दिवशी सकाळी मालधक्क्यावर गेले तर चाचा म्हणाले, “रेघेवरनं चालून दाखव.” ते नेहमीसारखे भिंतीकडं तोंड करून बसले. मी अगदी मुद्दाम, दोन्ही पाय सारखे पडतील असं मोजून-मापून चालले. टोकाला पोचले नाही तोच त्यांचा आवाज आला.

“काल पळालीस.”

मी पळत समोर गेले.

“चाचा, तुम्हाला कसं...”

“उद्यापास्नं येऊ नगं.” ते उठले. मी त्यांना असं रागावलेलं पहिल्यांदाच बघत होते. “ज्याला विचारायचं, त्याचं ऐकायचं नसंल तर विचारू नये. माझाबी वेळ जातो.”

“चुकलं, चाचा. पण मला भीती वाटते. बारा दिवस बसले तर सगळं मिळवलेलं जाईल. ही शेवटची भरती आहे हो. ही गेली तर मी बार्शीला सिमेंटच्या दुकानाच्या माडीवर...” मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती.

चाचा गोदामाच्या मागं चालायला लागले. तिथं गवतात रुळाचे दोन वीतभर तुकडे पडलेले होते. त्यांनी तारेनं ते बाभळीच्या फांदीला शेजारी-शेजारी टांगले आणि पिशवीतून आपला जुना हातोडा काढून माझ्या हातात दिला.

“ठोक.”

पहिला तुकडा असा वाजला की बाभळीवरच्या चिमण्या उडाल्या. दुसऱ्यावर मारलं तर बद्द. रद्दीच्या गठ्ठ्यावर मारल्यासारखं.

“चीर कुठं हाय, दाखव.”

मी तो तुकडा फिरवून-फिरवून पाहिला. बोट फिरवलं. मला काही दिसलं नाही.

“मलाबी दिसत न्हवती,” चाचा म्हणाले. “असल्या रुळावरनं गाडी जाती. एक जाती, धा जातात. काय हुतंय, म्हणत सगळेच जातात. मग एक दिवस अकरावी येती.”

“मग अशा रुळाचं काय करतात?”

“कापून काढतात. लोखंडाला कितीबी दिवस विश्रांती द्या, चीर काय जुळत न्हाई.” त्यांनी हातोड्याच्या दांड्यानं माझ्या नडगीकडं बोट दाखवल्यासारखं केलं. “हाड जुळतं. वेळ दिला की आपलं आपण जुळतं. अल्लानं रुळापेक्षा तुला एवढंच जास्त दिलंय, आणि तू तेच वापरंना.”

मी तिथंच खाली बसले. नडगीवर, चार बोटं वर, अंगठा दाबला. कळ थेट मस्तकात गेली. म्हणजे होतं. आत होतंच. मी विचारलं नव्हतं म्हणून पाय बोलला नव्हता.

त्यानंतरचे नऊ दिवस हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब दिवस. गावातली पोरं विचारायची, “काय जयाताई, रिटायर का?” आईनं एक दिवस गव्हाला ऊन दाखवता-दाखवता सहज म्हटलं, “बार्शीकरांचा फोन आलता.” मी रोज चालायचे, गोळा टाकायचे आणि संध्याकाळी अंगठ्यानं नडगी दाबून विचारायचे, कशी आहेस. पाचव्या दिवशी कळ अर्धी झाली. नवव्या दिवशी शोधावी लागली. दहाव्या दिवशी, म्हणजे पळाल्याबद्दल बारावर एक जादा दिवस भोगून, चाचांनी मला पुन्हा रेघेवर उभं केलं. मी दोनच फेऱ्या मारल्या. ते “हं” म्हणाले. त्या “हं”नं मला जेवण गोड लागलं.

ग्राउंड सोलापूरला होतं. आमच्या तुकडीत वीस जणी. शिट्टी झाली आणि बाकीच्या अशा सुटल्या की मी पहिल्या वळणावर शेवटून दुसरी. आदल्या वर्षीची मी असते तर तिथंच जीव काढून त्यांच्या मागं लागले असते. मी मालधक्क्याच्या रेघेवर होते तशीच पळत राहिले. मनात विचारत होते, डावा कसा आहेस, उजवा कसा आहेस. दुसऱ्या फेरीला एकेक जण मागं पडायला लागली. एक पोरगी कडेला नडगी धरून बसलेली दिसली. तिच्यासाठी थांबावंसं वाटलं, पण थांबले नाही. शेवटच्या वळणावर जे काही साठवलं होतं ते सगळं सोडलं.

दोन मिनिटं एक्कावन्न.

दीपाली माझ्या आठ सेकंद आधी पोचली होती. तिचं ना काही सुजलं, ना दुखलं. अंधारात पळून, रोज पळून. असंही असतं. कुणाकुणाचे पाय जन्मतःच सरळमार्गी असतात. माझे नव्हते, एवढंच.

दोघींचीही नावं यादीत लागली. मी पेढे घेऊन चाचांकडं गेले. त्यांनी पेढा खाल्ला, डोळे पुसले आणि “पाय जप,” एवढंच म्हणाले. खणखणीत म्हणाले नाहीत.

प्रशिक्षणाला जायच्या आदल्या दिवशी, आषाढात, मी निरोप घ्यायला त्यांच्या घरी गेले. चाचा अंगणात माझ्याकडं पाठ करून खाट विणत बसले होते. “चाचा!” मी फाटकातून हाक मारली. मग जवळ जाऊन मारली. मग चांगली ओरडून मारली. ते शांतपणे सुंभ ओढत राहिले.

हमीदा चाची हात पुसत बाहेर आल्या आणि त्यांनी मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

“अगं, कुणाला हाका मारतीस? त्यांच्या कानाशी तोफ डागली तरी ऐकू यायचं न्हाई. समोर असलं तर ओठ बघून तेवढं समजतं.”

“कधीपासून?”

“चार वर्सं झाली. एक दिवस लायनीवर हातोडा मारला आन्‌ काहीच कळंना. खणखणीत का बद्द. तसंच उठून साहेबाकडं गेले. म्हणाले, मला लायनीवर ठिऊ नका, कुणाचा तरी जीव जाईल. साहेब भला माणूस, कुठं बोलला न्हाई. शेवटची तीन वर्सं स्टोअरला बसून काढली.”

“मग माझा पाय? माझा पाय कसा ऐकला त्यांनी?”

चाची हसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, “तू आलीस त्या रात्री जेवले न्हाईत. म्हणाले, इतक्या दिसांनी कुणीतरी माझ्या कानाला काम सांगितलं, न्हाई म्हणवलं न्हाई. मग दुसऱ्या दिशी बादली-कुंचा घेऊन गेले आन्‌ दिसभर त्या गोदामाच्या भिंतीला चुना मारत बसले. काय करताय, तर म्हणाले, पोरीची सावली नीट दिसली पायजे.”

मी मोरीजवळच्या पाटावर बसले. पांढरी भिंत. उजाडल्यावरच ये. रेघ सोडू नको. आभाळ आलं की सुट्टी. मागून विचारलं की उत्तर नाही. जी बाई पुढं दहा वर्षं चोऱ्यांचे तपास करणार होती, तिच्या डोळ्यांसमोर दहा आठवडे सगळा पुरावा चुन्यानं रंगवून ठेवलेला होता आणि ती वहीत लिहीत होती, ‘डोळा फसवतो’.

एक गोष्ट मात्र मला त्याच क्षणी कळली आणि ती आजही तितकीच खरी वाटते. चाचा बहिरे आहेत हे आधी माहीत असतं, तर त्या बाभळीखाली मी त्यांचं ऐकलं नसतं. म्हटलं असतं, बहिऱ्याला काय कळतंय. आणि दहाव्या दिवशी माझं हाड मोडलं असतं. ज्यांनी साहेबाला खरं सांगून आपलं आवडतं काम घालवलं होतं, ते माझ्याशी खोटं बोलले होते. त्या खोटेपणावर मी नोकरीला लागले होते.

“त्यांना सांगू नको हं,” चाची म्हणाल्या. “तुला कळलं म्हणून.”

दुसऱ्या दिवशी माझी गाडी दहाला होती. मी उजाडताच मालधक्क्यावर गेले. चाचा आधीच येऊन स्लीपरवर बसले होते, भिंतीकडं तोंड करून. मी समोर जाऊन उभी राहिले, ओठ स्वच्छ हलवत म्हटलं, “चाचा, जायच्या आधी एकदा ऐकता का पाय?”

त्यांनी मान हलवली. मी मागं गेले आणि रेघेच्या जागेवरून पळायला लागले. फक्की कधीच पुसली गेली होती. मी आठ फेऱ्या मारल्या, सावकाश, कधी संपूच नयेत अशा. मग वळसा घालून त्यांच्यासमोर उकिडवी बसले.

“कसा आहे?”

चाचांनी माझ्या चेहऱ्याकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते आणि माझेही.

“खणखणीत,” ते म्हणाले.

मी त्यांच्या पाया पडले. उठताना माझी नजर भिंतीवर गेली. भिंत कोरी होती. सकाळपासून आभाळ गच्च भरलेलं होतं.